व्हिलनचा कान

तुम्हाला सांगते, सिनेमाच्या थीम पार्कात नुसते पुठ्ठ्याचे महाल बघायला मिळतील असं मला वाटलं होतं, पण तिथं मला माझी नायिका सापडली. दिल्लीहून नाट्यशास्त्र शिकून माझ्या गावी, वरवंडला परतल्यापासून गावातल्या बायकांचं नाटक बसवायचं माझ्या मनात होतं, पण स्टेजवर यायला एकही बाई तयार नव्हती. शेजारच्या कमलमामी तर म्हणाल्या, "लोकांम्होरं? न्हाई बया, माझं पाय कापत्यात."

गावच्या सहलीत त्याच मामी पार्कात माझ्या शेजारी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. समोर शूटिंगचा खेळ रंगला आणि व्हिलननं म्हाताऱ्या आईला घराबाहेर ढकललं. मामी ताडकन उठल्या, थेट स्टेजवर चढल्या आणि त्यांनी त्याचा कान धरला.

"आईला भाईर काढतूस व्हय रं?"

तो कळवळला, "मावशी, हे शूटिंग आहे!"

"ठावं हाय मला. म्हणून काय गप बसून बघू?"

सगळे प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मामींनी पिशवीतलं धपाटं काढून त्याच्या हातावर ठेवलं. "पण काम झ्याक करतूस, लेकरा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी ठरवून टाकलं, नायिका कमलमामीच. त्या तयारही झाल्या. आता व्हिलन व्हायला गावात कुणी धजत नाही.