पोर्टची चौकट

दारव्ह्याहून यवतमाळला निघालेल्या एसटीत मारोतरावांच्या पुढच्या सीटवर इंजिनीअरिंग कॉलेजच्या भैरवी मॅडम आणि त्यांची विद्यार्थिनी सुरभी बसल्या होत्या, मांडीवर लॅपटॉप उघडून. मारोतरावांनी डोळे मिटले होते, कान नाही.

"कॉम्प्युटरवर सिग्नलचा फिल्टर झकास, अन् खरा बोर्ड बनवून मोजला त सगळा कचरा! काय केलंस हे, सुरभी?"

"मॅडम, मी त..."

"हा पोर्ट पाह्य. सिग्नल आत सोडायचं दार आहे ते. त्याची चौकट तांब्याच्या पट्टीपाशीच संपवली. काहून?"

"पट्टीतूनच त जाते न सिग्नल?"

"अन् वरच्या हवेत लहर पसरते, तिले कोण धरीन? तुझा आजा? बोर्डाच्या जाडीच्या सहापट तरी उंच पाहिजे चौकट. पहिल्याच तासाले शिकवलं होतं मी!"

"शिकवलं होतं, मॅडम."

"मग हे आलं कुठून?"

"तुमच्या फायलीतून. मी नुसतं नाव बदलवलं."

"कोणत्या फायलीतून?"

"तुमच्या पीएचडीच्या."

गाडी दोन गतिरोधकांवरून गेली.

"मॅडम, तुम्ही तवा बोर्ड बनवून मोजला होता न?"

"खिडकी लाव आधी. वारा लागून राह्यला."

खिडकी दारव्ह्यापासूनच बंद होती.