तेवीस नंबर

हसू नका, पण मी हल्ली लोणी काळभोरच्या एका कॉलेजात शिकवायला जातो. हॉटेलच्या कोर्सची मुलं आहेत. त्यांना आठवड्यातून दोन तास पाव कसा करायचा ते सांगायचं. मी नववीतच शाळा सोडून खडकीच्या बेकरीत लागलो, हे तुम्हाला माहीत आहेच.

पहिल्या तासासाठी चार दिवस खपून वहीची अकरा पानं लिहिली. वर्गात उभा राहिलो आणि सगळं नऊ मिनिटांत संपलं. तास पन्नास मिनिटांचा. समोर ना पीठ, ना भट्टी. हात कुठे ठेवावेत तेही कळेना. शेवटी एक मुलगी म्हणाली, "सर, हजेरी राहिली."

बरं झालं म्हटलं. मस्टर उघडून सावकाश एकेक नंबर घेऊ लागलो.

"बावीस."

"प्रेझेंट सर."

"तेवीस."

कोणीच बोलेना. आणि माझ्याच तोंडून निघालं, "हजर, बाई."

वर्ग खो खो हसला. आता त्यांना काय सांगणार? शाळेत माझा नंबर तेवीस होता.

"सर, तेवीस नंबर येत नाही आता," ती मुलगी म्हणाली. "घरच्या अडचणीमुळे कॉलेज सोडलं त्याने."

तासानंतर विभागप्रमुखांना विचारलं. ते म्हणाले, "अहो, मग काट मारा की त्या नावावर. त्यात विचारायचं काय?"

दोन महिने झाले. लाल पेन खिशातच असतं. दर तासाला मी तेवीस नंबर पुकारतो, जरा थांबतो आणि मग चोवीस म्हणतो.