एका वाक्यापुरती शिकवणी

मास्तर : नाही, नाही, बाई. पुन्हा तेच केलंत. "ही वॉज अँग्री" म्हटलं की तो रागावला होता, विषय संपला. निकाल देऊन मोकळ्या झालात. तुम्हाला निकाल द्यायचाय की विचारायचंय?

बाई : विचारायचंय.

मास्तर : मग त्या "वॉज"ला उठवा. एरवी मध्ये निवांत बसून असतो लेकाचा. प्रश्न आला की त्यानं रांग मोडायची आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन उभं राहायचं.

बाई : वॉज... ही... अँग्री. तोंडात खडे भरल्यासारखं होतं, मास्तर.

मास्तर : होणारच. शेवटाला आवाज जरा वर न्या, जिना चढल्यासारखा. अँग्रीऽ? अस्सं. अहो, मी एका बंदरावर असताना एका पोपटाला अख्खं इंग्रजी व्याकरण शिकवलं होतं. चालू काळ आला, गेलेला काळ आला. येणारा काळ म्हटलं की पिंजऱ्याच्या दाराकडे बघायचा आणि चोच मिटून घ्यायचा. शेवटी वैतागून मी दारच उघडलं. तर उडता उडता छपरावरून ओरडला, "आय शॅल!" काय उच्चार होता, बाई!

बाई : मागच्या खेपेला पोपट नव्हता. मैना होती.

मास्तर : ती त्याची बायको. तिचं स्पेलिंग कच्चं होतं.

बाई : हसवू नका हो. आज हसायचं नाही असं ठरवून आलेय. इस्पितळाच्या धोबीखान्यात ओल्या चादरींचा ढीग तसाच टाकून निघालेय, मुकादम डोळे वटारून बघत होता. आता तिकडे सकाळ होईल. सून उठेल, आणि मी फोन लावीन.

मास्तर : एक सुचवू? अजूनही वेळ गेलेली नाही. मी विचारतो तिला. चुटकीसरशी काम होईल.

बाई : नको. तुम्ही त्याला तिखटमीठ लावाल.

मास्तर : मी?

बाई : नाही, तुमचा पोपट.

मास्तर : बरं बाई, नाही लावत. पण इतके दिवस तुम्ही या बाकावर बसताय, "हे एवढंच वाक्य शिकवा" म्हणताय. मी कधी खोदून विचारलं नाही. आज विचारतो. मुलाशी भांडण कशावरून झालं होतं?

बाई : लग्नावरून, दुसरं काय. परदेशी कामाला गेला आणि तिकडचीच केली. सगळं उरकल्यावर फोनवर सांगितलं. आनंदात होता हो. "आई, तुला आवडेल ती." मी म्हटलं, "बायको मिळाली ना? मग आता फोनही तिलाच करत जा."

मास्तर : रागात माणूस बोलून जातो.

बाई : माणूस बोलतो. पण त्यानं ऐकलं ना! जन्मात माझं एक ऐकलं नव्हतं. अभ्यास कर म्हटलं, नाही. स्वेटर घाल म्हटलं, नाही. हे एवढं एकच ऐकलं.

मास्तर : मग तुम्ही लावायचात की.

बाई : मी आई. मी कशाला लावू? तेव्हा असंच वाटायचं. कामावरून आले की फोन समोर ठेवून भाजी निवडत बसायचे. वाजला की लगेच उचलायचा नाही, तीनदा वाजू द्यायचा, जरा कळू दे त्याला. सगळं ठरवून ठेवलं होतं. वाजायचाच नाही.

मास्तर : आणि मग?

बाई : मग एक दिवस वाजला. मी तीनदा वाजू दिला, ठरल्याप्रमाणे. उचलला तर बाईमाणसाचा आवाज. इंग्रजीत रडत होती. शब्द एक कळला नाही, मास्तर. आणि सगळं कळलं. कामावरच गेला. खुर्चीतल्या खुर्चीत. ते मागाहून पुतण्यानं विचारून सांगितलं, त्याला येतं इंग्रजी. म्हटलं, आता एवढं विचार तिला, माझ्यावर राग होता का त्याचा? तर त्यानं फोन नुसता कानाला लावला, ओठसुद्धा हलवले नाहीत, आणि मला म्हणतो, "नव्हता, काकू." घरात सगळे मला असंच सांभाळून सांगतात. मला सांभाळलेलं नकोय. भांडले मी माझ्या तोंडानं, विचारणारही माझ्याच तोंडानं. त्यासाठी तर या वयात तुमच्या बाकावर येऊन बसले, नातवंडं शोभतील अशा पोरांच्या मांडीला मांडी लावून.

मास्तर : शिकवणीची पोरं जिन्यात जमलीत वाटतं. ऐकू येतायत का?

बाई : मी उठते मग.

मास्तर : बसा हो. थांबतील. नाहीतरी त्यांना कुठे विलायतेच्या राणीशी बोलायचंय आजच्या आज? लावा फोन. आवाज मोठा ठेवा, म्हणजे मलाही ऐकू येईल. "वॉज" पुढे. शेवटी जिना.

बाई : एरवी काय, ती "हॅलो" म्हणते, मी "हॅलो" म्हणते, दोघी रडतो आणि ठेवून देतो... लागला. हॅलो? हॅलो, बाळ. ऐक. आज मी... वॉज ही... वॉज ही अँग्री... विथ मी?

(फोनमधून सुनेचा आवाज. ती इंग्रजीत बोलू लागते, अडखळते, रडते, पुन्हा बोलते. बराच वेळ बोलत राहते.)

बाई : मास्तर, ही थांबतच नाही. हे... हे तर आपण शिकलोच नाही.

मास्तर : बाई, आपण विचारायची तयारी केली. उत्तरही इंग्रजीतच येणार हे तुमच्या डोक्यात आलं नाही, ते समजू शकतो. माझ्याही आलं नाही! जन्म गेला शिकवण्यात, आणि ही अक्कल. जरा थांबा. संपू दे तिचं.

बाई : झालं? थांबली ती. सांगा. काय म्हणाली?

मास्तर : म्हणाली... म्हणाली, मुळीच नव्हता. राग कसला? टेबलावर तुमचा फोटो असायचा. कामाला जाताना त्याच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय पाऊल बाहेर टाकायचा नाही. एकदा तिकडे मोठं वादळ झालं, गावभरचे दिवे गेले, माणसं जीव मुठीत धरून पळतायत, आणि हा पठ्ठ्या अंधारात चाचपडत फोटो शोधतोय, म्हणतोय, आधी माझी आई...

बाई : मास्तर.

मास्तर : काय?

बाई : ती आधी "येस" म्हणाली. पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं होतंत. येस म्हणजे हो, नो म्हणजे नाही. बाकी सगळं माझ्या डोक्यावरून गेलं, पण तेवढं ऐकलं मी. आधी येस म्हणाली, मग रडली. तुम्हीही शेवटी माझे पुतणेच निघालात.

मास्तर : चुकलं माझं. मला वाटलं...

बाई : तुम्हाला काय वाटलं ते राहू द्या. ती काय म्हणाली ते सांगा. फोटो नको, वादळ नको.

मास्तर : टेकून बसा आधी. हो. राग होता. चांगलाच होता. सुरुवातीला तर तुमचं नाव काढू द्यायचा नाही घरात. तिनं काढलं तर उठून बाहेर निघून जायचा.

बाई : तसाच होता. लहानपणीही असाच उठून जायचा, चपला हातात घेऊन. पुढे?

मास्तर : मग उतरत गेला. रविवार आला की फोन घेऊन गॅलरीत जायचा, दार लावून घ्यायचा. तिला वाटायचं, तुमच्याशी बोलतोय. तिला बरं वाटायचं. एकदा ती कॉफी द्यायला गेली, तर हा नुसता उभा. फोन हातात, तुमचा नंबर समोर. ती म्हणाली, लाव की. तर म्हणाला, तिनंच नको म्हटलंय. तिचा राग गेला की ती लावेल.

बाई : असं म्हणाला?

मास्तर : असं म्हणतेय ती. त्यानंतरही दर रविवारी जायचाच. ती काही बोलायची नाही. कॉफी तेवढी दाराशी ठेवायची.

बाई : कुठल्या वेळी जायचा?

मास्तर : ते नाही बोलली.

बाई : आपल्याकडची संध्याकाळ असेल. त्याला ठाऊक होतं, संध्याकाळी मी घरी असते म्हणून. मी असायचे हो, मास्तर. फोनच्या समोरच असायचे.

मास्तर : हो, बाई.

बाई : हे तरी खरं आहे ना? हेही माझ्यासाठी बनवलेलं नाही ना?

मास्तर : मी बनवलं असतं, तर त्याला फोन लावू दिला असता.

(बाई फोन दोन्ही हातांत धरून बसते.)

मास्तर : बाई? पाणी आणू?

बाई : ती गेली का?

मास्तर : नाही. आहे अजून.

बाई : काय म्हणतेय?

मास्तर : काही नाही. नुसता श्वास येतोय. तिला काही सांगू? नंतर बोलतील म्हणू?

बाई : नको, काही सांगू नका. मी ठेवला नाही, एवढं कळतंय तिला.