चित्र आहे, आवाज नाही

नाही हो ताई, दुरुस्तीला काही आणलेलं नाही मी, हात रिकामेच आहेत, बघा. सकाळी एक बाई पेनड्राइव्ह देऊन गेली ना तुमच्याकडे — उंच, चष्मा, बोलताना जरा घाई करते — ती माझी बहीण. सख्खी, धाकटी. तो पेनड्राइव्ह मला हवा होता. म्हणजे ती संध्याकाळी येणार आहे न्यायला, मला माहीत आहे, पण मी इकडे आलोच आहे तर म्हटलं तिचा हेलपाटा वाचवावा. मी शाळेची बस चालवतो, ती काय कोपऱ्यावर उभी आहे, सकाळची मुलं सोडून आलो, दुपारच्या फेरीला अजून अवकाश आहे. — असं सांगून गेली? तिच्याच हातात द्यायचा? कुणीही आलं तरी? बरं. कुणीही म्हणजे मीच की, दुसरं कोण येणार आहे? आमच्या घरात आता आम्ही दोघंच. नाही, तुमचं बरोबर आहे, तुम्ही दिलेला शब्द पाळताय. रागावलो नाही मी. बसतो जरा, चालेल ना? हे स्टूल घेतो. काम झालंय का पण त्याचं? चालू आहे. म्हणजे होईल असं दिसतंय एकूण. हं.

मला वाटलं होतं, नाही होणार. मी काय कमी डोकं फोडलंय का त्या फाईलवर? जुन्या कॅमेऱ्यातली आहे ती. कॅमेरा करणारी कंपनी कधीच बसली आणि जाताना हे असलं लोढणं आमच्या गळ्यात मारून गेली. घरी माझा कॉम्प्युटर आहे, साधाच, काळा डबा. त्याच्यावर आधी उघडेचना. 'ही फाईल चालवता येत नाही' — एवढं एक वाक्य आणि त्याच्याखाली बटण, 'ठीक आहे'. आता ठीक काय आहे त्यात? पण दुसरं बटणच नाही, त्यामुळे आपण आपलं म्हणायचं, ठीक आहे. मग दुसरा प्लेअर घातला, तर त्यानं अख्खा कॉम्प्युटर गार केला. तिसरा म्हणाला आधी मला अपडेट करा, केला, तर म्हणतो तुमचा कॉम्प्युटरच जुना आहे. नाचता येईना अंगण वाकडं. शेवटी बसमधल्या एका मुलीचे वडील म्हणाले, तो फुकटातला घाला, तो दगडसुद्धा वाजवून दाखवतो. घातला. आणि लागली हो. चित्र लागलं, अगदी स्वच्छ. पण आवाज नाही. स्पीकर बदलले, वायर हलवून पाहिली, आवाजाची रेघ पार वरपर्यंत ओढली — मुकं ते मुकंच. आणि बहिणीचा कॉम्प्युटर दुसऱ्याच जातीचा, चपटा, रुपेरी, त्याला आमच्याकडचं काही म्हणता काही पचत नाही. तिच्याकडे हीच फाईल लावली तर पडदा काळाकुट्ट आणि आवाज खणखणीत. आहे की नाही गंमत? माझ्याकडे चित्र आहे, आवाज नाही. तिच्याकडे आवाज आहे, चित्र नाही. — हो, ते तुमचं कोडेक का काय, ते असेल. मला कुठलं कळायला. मला एवढंच कळलं की एका आईची दोन लेकरं आणि तिची वाटणी अशी झाली. — हो, आईच आहे त्यात. आमची आई. थंडीत गेली.

तुम्ही बघितलीत का लावून? — नाही, तपासायला थोडी बघावीच लागत असेल, म्हणून विचारलं. सुरुवातीची थोडी. थोडी म्हणजे किती? चित्र नीट दिसत होतं? — नाही नाही, तसं काही नाहीये त्यात. म्हातारं माणूस पलंगावर बसलंय, खिडकीतून ऊन आलंय, एवढंच. विशेष काही नाही.

ताई, एक विचारू का? तिला सांगाल का, की होत नाही म्हणून? आवाज आहे तेवढाच आहे, चित्र खराब झालंय, नाही निघत. होतंच ना असं? तुमच्याकडे किती लोक येत असतील, सगळ्यांचं थोडंच होतं? एकाचं झालं नाही तर काय बिघडलं. — खोटं आहे, हो, खोटं आहे. पण मी माझ्यासाठी नाही म्हणत. तिच्यासाठी म्हणतोय. नीट ऐका, म्हणजे पटेल तुम्हाला. ती फार लांब असते. आई आजारी होती तेव्हा तिला येणं जमलं नाही — नोकरी, मुलं लहान, खरंच जमलं नाही, मी बोल लावत नाही. आली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. ते तिनं इतकं मनाला लावून घेतलं की बोलता सोय नाही. 'आई माझ्यावर रागावून गेली', हेच ती धरून बसली. मग परत गेल्यावर म्हणाली, दादा, तिचं काहीतरी पाठव, असेल ते पाठव. मी कॅमेऱ्यातलं होतं नव्हतं ते सगळं पाठवून दिलं. न बघता — बघणार कसं, उघडतच नव्हतं ना तेव्हा माझ्याकडे. आणि हे एक मी कधीच पुसून टाकलंय असंच धरून चाललो होतो. आणि तिचा फोन आला. नुसती रडतेय. म्हणाली, "दादा, आई बोलतेय यात. म्हणतेय, दमलास ना रे बाळा, माझा नाही हो राग तुझ्यावर, जा तू. दादा, ती माझ्याशीच बोलतेय ना?"

आता तुम्ही म्हणाल 'रे' कसं, बहीण ना ती? तर आई तिला तशीच हाक मारायची, लहानपणापासून. लाडानं. आलास का रे, जेवलास का रे, अभ्यास झाला का रे राजा. शेंडेफळ ना. मोठी झाली, लग्न झालं, तरी फोनवर आपलं 'कसा आहेस रे'. मला साधं 'काय रे', आणि तिला मात्र सगळा मुलगा करून टाकायची. तर तिनं विचारलं आणि मी म्हटलं, हो. विचारसुद्धा केला नाही हो मी, तोंडातून गेलं. म्हटलं, तुझ्याशीच. तुझा फोन आला होता, तेव्हा बोलत होती, मी कॅमेरा धरला होता. ती म्हणाली, बरं. एवढंच, बरं. मला वाटलं, चला, एका जिवाला शांतता मिळाली. आपलं काय गेलं? आता ती आलीये आणि म्हणते मला आईचा चेहरा बघायचाय, दुकानात देते. आणि चित्रात फोन कुठाय? चित्रात ती सरळ कॅमेऱ्याकडे बघतेय. कॅमेरा माझ्या हातात.

तेवढंच ना, म्हणता? सांगून टाकायचं, माझ्याशी बोलत होती म्हणून? तेवढंच असतं तर सांगितलंही असतं, पण त्या हाताचं काय सांगू? हात दिसतो ना तिचा, तो खाली — तुम्ही पुढचं बघितलं नाहीत का? मग सोडा. काही नाही. — नाही, सोडा म्हटलं ना. बरं, मफलर होता तो. माझा, लोकरीचा, मऊ. दोरी नव्हती, दोरी कोण बांधेल आईला? पलंगाच्या दांडीला, सैल, एकच हात. तुम्ही असं बघू नका माझ्याकडे, आधी ऐका. तिला काही आठवायचं नाही शेवटी शेवटी. मी फेरीला गेलो की ही बाहेर. एकदा मोठ्या रस्त्याच्या मधोमध सापडली, अनवाणी, गाड्या दोन्ही बाजूंनी जातायत आणि ही उभी, मला म्हणते बस का नाही आली अजून. शेजारच्या काकू बसल्या काही दिवस, मग त्याही कंटाळल्या, त्यांचाही संसार आहे. दार बाहेरून लावून गेलो तर दार बडवून बडवून तळहात सुजवून घेतले. मग काय करू? दुसऱ्यांची मुलं माझ्या भरवशावर बसमध्ये, आणि आई कुणाच्या भरवशावर? फेरीपुरताच बांधायचो. आलो की आधी सोडायचो, बूटसुद्धा न काढता. आधी तसंच होतं. नंतर कधीकधी फेरी नसतानाही. मला झोप पाहिजे असायची हो. एक तास. ती सारखी उठायची, सारखं विचारायची, मी कुठे आहे, तू कोण, घरी कधी जायचं. घरीच आहेस की गं, किती वेळा सांगू? तर तेव्हा. हे काही कुणाला सांगायला आलो नव्हतो मी.

आणि फिल्म कशाला घेतली? रागानं घेतली. धाकटीचा फोन आला की आई पाच मिनिटं अशी शहाण्यासारखी बोलायची की विचारू नका. बरी आहे मी, दादा करतो सगळं, मुलं कशी आहेत. ती मग मला म्हणायची, "किती छान बोलते आई, तू उगाच बाऊ करतोस." उगाच. त्या दिवशी डोकं फिरलं माझं. म्हटलं थांब, दाखवतोच तुला, कशी छान आहे ती. काढला कॅमेरा. हात बांधलेला आहे हेही सुचलं नाही मला, इतकी सवय झाली होती. नंतर सुचलं, म्हणून पुसली. पुसली असं वाटलं. हे असं आहे, ताई. दिवसभर गाडी चालवताना मनात एकच — मी वाचवतोय कुणाला, तिला की स्वतःला? तिची समजूत तुटू नये म्हणून म्हणतो आणि म्हणता म्हणता कळतं, लबाड आहेस तू. तो हात दिसू नये, एवढंच पाहिजे तुला. मेलेल्या आईची माफी बहिणीला देऊन टाकली आणि वर उपकार केल्यासारखा हिंडतोय. लाज वाटते हो मला. तरी पण सांगाल का तिला, होत नाही म्हणून?

— काय? झालं? दोन्ही लागलं, चित्र आणि आवाज? इतक्यात? — बघतो. नाही, बघू द्या, मी एकदाही ऐकलेलं नाही ते. माझ्याकडे नुसते ओठ हलतात. किती वेळा बघितलंय मी, आता दमलास म्हणत असेल, आता बाळा म्हणत असेल. फिरवा इकडे. लावा.

हा पंखा. असाच वाजतो आमचा. हे भांडं पडलं बहुतेक. ती अजून बोलत नाहीये, ती पुढे बोलते, ऊन उशीवर येतं तेव्हा. हे कोण ओरडतंय? शेजारी कुणीतरी — नाही. हा मीच आहे. हा माझा आवाज आहे? असा आहे माझा आवाज? 'हात ओढू नकोस, ओढलास तर गाठ अजून आवळेल.' 'ओरड, ओरड अजून, बघतो कोण येतंय सोडवायला.' हे मी म्हटलं? मला आठवत नाही. 'तुझ्या लाडकीला दाखवतो आता, बघू दे तिला.' ताई, हे मी — आईशी मी असं बोललोय. शप्पथ सांगतो, मला वाटत होतं मी गप्प होतो. चित्रात मी गप्पच असतो ना. चित्रात मी नसतोच.

थांबवू नका. आता ती बोलेल. हां. … 'दमलास ना रे बाळा.' … मला. मलाच. इतकं ओरडून झाल्यावर.

आवाज कुणाकडे होता, ताई? — तिच्याकडे होता. पहिल्या दिवसापासून. काळ्या पडद्यावर तिनं हे सगळं ऐकलं, माझं ओरडणं, ती गाठ, सगळं. चित्र लपवत बसलो मी, आणि तिच्याकडे काय नव्हतं? फक्त चेहरा नव्हता. हे ऐकून मग फोन केला तिनं मला. ओरडली नाही, काही नाही. विचारलं, माझ्याशीच बोलतेय ना ती? ती काय मूर्ख आहे, तिला काय कळलं नसेल? ती मला जागा देत होती हो. बोल म्हणत होती. आणि मी म्हटलं, हो, तुझ्याशीच.

बंद करा. बंद करा ते आता. आणि पेनड्राइव्ह तिलाच द्या, मला नको. काम झालं नाही वगैरे काही सांगू नका. तिला फोन लावतो, थांबा. — वाजतोय. — ताई, दुकान तुमचंच आहे, मला कळतंय, पण थोडा वेळ बाहेर उभ्या राहाल का? जा ना. … हां, मीच बोलतोय. तू विचारलं होतंस ना मला. नव्हती गं. तुझ्याशी नव्हती बोलत ती.