काकींची धामण

अरे, बोळिंजचा फ्लॅट सोडून मी वसईत एका वाडीत भाड्याने राहायला गेलो ना, तेव्हाची गंमत. तिसऱ्याच दिवशी केळीत ही एवढी लांब धामण! माझी फाटली. सर्पमित्राला फोन केला. त्याने दोन मिनिटांत तिला पिशवीत घातलं. मी एकदम खूश, त्याला चहा पाजत होतो, तेवढ्यात घरमालकीणकाकी आल्या.

"पिशवीत काय रे?"

"साप, काकी. पकडला!"

"आमची धामण? मग वाडीतले उंदीर काय तू खाणार?"

सर्पमित्राला हसू आवरेना. त्याने तिथेच पिशवी मोकळी केली. धामण ऐटीत बांधाखालच्या बिळात शिरली.

मी घाबरत विचारलं, "काकी, म्हणजे ही कायम इथेच राहणार?"

"मग? भाडेकरू तू आहेस, ती नाही."