काचेवरचं शेण

हस, हस, सगळा पाडा हसला, तू तरी कशाला मागं राहतोस? हो, शेणच आहे ते. मीच सारवलं, आतल्या बाजूनं. काचेला कोण शेण लावतं म्हणतोस? हा लडक्या लावतो! अरे, पूर्वी इथं कुडाचं घर होतं, माझी बायको, भिकी, होती तोवर ती सारवायची, भर वैशाखात भिंतीला पाठ लावून झोपायचो मी, गारेगार! मग म्हटलं, काच तरी काय, भिंतच की. पण कसलं काय! ऊन दिसायचं बंद झालं, काच तापायची ती तापतेच. हात लावून बघ — बघ, चटका बसला ना? काय म्हणतोस, बाहेरून अडवायला पाहिजे होतं? हां... ऊन आत शिरल्यावर शेण काय करणार, बरोबर आहे तुझं.

एसी? आहे ना. पोरानं बसवलाय, माझ्या मुकेशनं. हवा गार होते रे, पण इथं बसलं की एक गाल गारठतो नि काचेकडचा भाजतो. वर स्लॅब, खाली फरशी, मावळतीला ही एवढी थोरली काच — कूड पाडून हौसेनं बांधलं त्यानं. आणि गेल्या मे महिन्यात सुनेला घेऊन आला, तर जेवले नि ऊन उतरायच्या आत वापीला परत! "बाबा, इथं फार उकडतं, हर्षदाला झोप लागायची नाही." म्हणून तर तुला डहाणूहून बोलावलं, भाऊ. तुझी ती काळी फिल्म बाहेरून लावली की घर गार, मग राहतील चार दिवस. होईल ना गार? नक्की ना?

...संक्रांतीला? नाही, तेव्हाही नाही आले. उकडतं, म्हणाला फोनवर. हो रे बाबा, थंडीच होती, मी शेकोटीपाशी बसूनच फोन घेतला. पण तो म्हणाला उकडतं, मग मीही हो म्हटलं. काय करू? आता सायवनच्या बाजारात कोणी विचारलं ना, लडक्या, पोरगा का येत नाही रे, की मी सांगतो, काचेमुळं. लोक मान हलवतात. मलाही बरं वाटतं.

थांब. थांब जरा, ती गुंडाळी सोडू नको. घर गार झालं आणि तरी तो आला नाही, तर? मग मी काय सांगू? लोकांना सोड, रात्री मला एकट्याला काय सांगू?

नको लावू. उचल तुझं सामान. एस्टी येईल एवढ्यात, जा तू.