कॅनडातली चेष्टा

कॅनडाचं कौतुक मला सांगू नका! सत्तर-बहात्तरच्या सुमारास आमचा सुरेशदादा टोरंटोहून कलकत्त्याला, बेहालाच्या घरी आला होता. तिथले मोर्चेसुद्धा कसे शिस्तीत निघतात, हे ऐकून ऐकून आमचे कान किटले. शेवटी शेजारच्या घोषबाबूंनी बंगालीत विचारलं, "ते सगळं ठीक, पण तुमचं सरकार गरिबांसाठी करतं काय?"

दादा ऐटीत म्हणाला, "चेष्टा कोरे!"

पुण्याहून नुकतीच आलेली काकू लोडशेडिंगमुळे पुठ्ठ्याने वारा घेत बसली होती. ती भडकलीच. "गरिबांची चेष्टा? आणि वर मिरवतोस?"

मी घाईघाईने म्हटलं, "अगं काकू, बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न!"

"एकच की रे," पुठ्ठा हलवत काकू म्हणाली. "सरकारने प्रयत्न केला, की आपली चेष्टाच होते."